लाल संत्र्यात इंजेक्शन नसतं

क्रॉफर्ड मार्केटात ब्लड ऑरेंज, म्हणजे आतून लाल गराचं संत्रं, दिसलं की ‘रंगाचं इंजेक्शन दिलंय’ नाहीतर ‘डाळिंबावर कलम केलंय’, हे ठरलेलं. दोन्ही खोटं. डाळिंबाचं कुळच वेगळं, त्यावर संत्र्याचं कलम जगत नाही. लाली अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याची, इटलीतल्या सिसिलीसारख्या ठिकाणी थंड रात्रींमुळे ती गरात उतरते. म्हणून एकाच पेटीतली फळं कमीजास्त लाल निघतात. इंजेक्शनवाला इतका हिशेब कशाला ठेवेल?

रंग मात्र नाजूक. केकमध्ये खायचा सोडा जास्त झाला की निळसर-करडा होतो. शिऱ्यासाठी 1 वाटी भाजलेला रवा दीड वाटी पाण्यात शिजवा, साखर विरघळल्यावर गॅस बंद करून अर्धी वाटी रस घाला. दूध नको, फाटेल. कोशिंबिरीसाठी सालीखालचा पांढरा भाग सुरीने पूर्ण काढा, नाहीतर कडवटपणा येतो. चकत्यांवर उभा कांदा, मिरपूड. मीठ ऐनवेळी, कारण पाणी सुटतं.