चाल कुणाची? ड्रम मेजर आणि बँडमास्तर

26 जानेवारीची सकाळ, शिवाजी पार्क. कट्ट्यावर उभा राहून भाचा ओरडला, "मामा, तो बघ बँडमास्तर!" बोट होतं सगळ्यांच्या पुढे, छातीवर रुंद पट्टा लावून, हातातला चकचकीत दंड फिरवत चाललेल्या माणसाकडे. लहानपणी मीही हेच समजायचो. पण तो ड्रम मेजर.

घोटाळा 'चाल' या शब्दातच आहे. ड्रम मेजर पायांची चाल सांभाळतो, बँडमास्तर गाण्याची.

ड्रम मेजरच्या त्या दंडाला मेस म्हणतात (खानावळीशी संबंध नाही). वाद्य तोंडाला लावून चालणाऱ्या मागच्या रांगांना पुढचं फारसं दिसत नाही, म्हणून उंच धरलेला मेस हीच त्यांची खूण: आता वळा, आता थांबा. मिनिटाला साधारण 120 पावलं पडतात आणि त्यांचा ठेका बेस ड्रम धरून ठेवतो. सूर चुकला तर तो निस्तरणं ड्रम मेजरचं काम नाही.

बँडमास्तर ओळखायचा तर बँड एका जागी उभा राहून वाजवू लागेपर्यंत थांबा. प्रेक्षकांकडे पाठ करून जो समोर उभा राहतो, तो. खरं तर त्याचं निम्मं काम आदल्या महिन्यातच उरकलेलं असतं. पेटीवर बसवलेलं गाणं क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोनमध्ये वाटायचं, प्रत्येकाचा स्वरलिपीचा कागद वेगळा लिहायचा. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा 'सी' हा स्वर वाजवला की ऐकू येतो वेगळाच स्वर, 'बी फ्लॅट'. हे विसरलात तर बँडची जत्रा होते. लष्कराचे बँडमास्तर हे सगळं पचमढीच्या संगीत विद्यालयात शिकतात.

आणि काही जण स्वतः चाल बांधतात. कॅप्टन रामसिंह ठाकुरी हे त्यातलं मोठं नाव. जन्म 1914 चा, तोही 15 ऑगस्टचा. गोरखा रायफल्समधला हा जवान दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडला आणि तिथून आझाद हिंद सेनेत गेला. नेताजींनी त्यांना व्हायोलिन भेट दिलं. 'कदम कदम बढाए जा'चे शब्द वंशीधर शुक्लांचे, चाल रामसिंहांची. स्वातंत्र्यानंतर ते लखनौला सशस्त्र पोलिसांच्या बँडमध्ये होते; 2002 मध्ये गेले. ज्या फौजेविरुद्ध आझाद हिंद सेना लढली, तिचीच वारसदार असलेली भारतीय सेना आज ही चाल वाजवते, हे मला फार आवडतं.

संचलन संपलं, बँड थांबून वाजवू लागला. भाच्याला म्हटलं, "आता बघ, तो पाठमोरा माणूस, तो बँडमास्तर."

भाचा हिरमुसला. "पण त्याची काठी केवढीशी आहे, मामा!"