महामार्गावरील वाहतूक कोंडी : खर्च आणि धोके

महामार्गावर क्षमतेपेक्षा जास्त वाहने आली की वेग घसरतो आणि रांगा लागतात. द्रुतगती मार्गाची एक मार्गिका तासाला साधारण २,००० वाहने पुढे सोडते. कोंडी झाली की ही क्षमता आणखी घटते, म्हणजे ऐन गर्दीतच रस्ता कमी काम करतो. त्यासाठी अपघात किंवा खोदकामच हवे असे नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ मोटारी एकाच वेगाने चालवायला सांगितले होते. अडथळा नसतानाही थोड्याच वेळात कोंडीची लाट उठली आणि ताशी सुमारे २० किमी वेगाने मागे सरकू लागली.

मागे सरकणारी ही लाटच जिवावर बेतते. रांगेच्या आत वेग कमी असल्याने बहुतेक धडका किरकोळ असतात; खरा धोका रांगेच्या शेपटाशी असतो. ताशी १०० किमी वेगाच्या मोटारीला चालकाच्या प्रतिसादाचा वेळ धरून, कोरड्या रस्त्यावरही थांबायला जवळपास १०० मीटर लागतात. भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. वळणापलीकडे, चढाच्या माथ्यामागे किंवा धुक्यात रांग दडलेली असेल तर तेवढे अंतर मिळतच नाही. एका अपघाताने लागलेली रांग अशा रीतीने दुसऱ्या अपघाताचे कारण ठरते, आणि रुग्णवाहिकाही त्याच रांगेत अडकते. म्हणूनच जर्मनीत महामार्गावरील वाहतूक मंदावताच मार्गिकांच्या मधून मदतवाहनांसाठी वाट मोकळी ठेवणे बंधनकारक आहे.

खर्चात वाया गेलेला वेळ, इंधन, वाहनांची झीज आणि प्रदूषण येते. मालवाहतूकदाराला मात्र सरासरी विलंबापेक्षा अनिश्चितता जास्त महाग पडते, कारण कधी पोहोचू हे ठाऊक नसेल तर रोजच जादा वेळ राखून ठेवावा लागतो. शिवाय प्रत्येक चालक स्वतःचा विलंब तेवढा सोसतो. आपल्यामुळे मागच्यांना होणारा विलंब त्याच्या हिशेबात नसतो. कोंडीच्या नुकसानीचे मोठाले आकडे जपूनच वाचावेत. त्यांत बहुधा रिकाम्या रस्त्याशी तुलना असते, आणि गर्दीच्या वेळीही रिकामा राहील एवढा रस्ता बांधणे कुणालाच परवडत नाही.

रुंदीकरणाचा दिलासा वर्दळीच्या पट्ट्यांत फार टिकत नाही. मोकळा रस्ता नवी वाहने ओढतो. त्या मानाने पुढील रांगेची आगाऊ सूचना देणारे फलक आणि गर्दीनुसार बदलणारी वेगमर्यादा हे उपाय स्वस्त आहेत. ते कोंडी मोडत नाहीत, पण शेपटाशी येणाऱ्या वाहनाचा वेग वेळीच उतरवतात.