शाळेच्या फाटकापासून ५० मीटर: मुलांचा लठ्ठपणा, आईवडील आणि सरकार

शाळेच्या उपाहारगृहात काय विकू नये, याची यादी महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये काढली. बटाट्याचे वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, केक, बिस्किटे आणि शीतपेये त्यात असणारच होती. त्यांच्या जोडीला सामोसा, पाणीपुरी, गुलाबजाम, रसगुल्ला आणि पेढाही होता. काय विकावे, याची दुसरी यादी त्याच निर्णयात होती: पोळी-भाजी, वरण, पुलाव, राजमा, उपमा, इडली-वडा-सांबार, खांडवी, खीर, लस्सी, ताक, नारळपाणी, अंडी. वडा चालतो तर सामोसा का नाही, खीर चालते तर पेढा का नाही, हे कोणत्या मोजमापाने ठरले ते याद्या वाचून कळत नाही. घोडे पेंड खाते ते इथेच. मुलांच्या लठ्ठपणाबद्दल गेल्या दहा-पंधरा वर्षांत नियम बरेच झाले, पण ज्या आकड्यावर ते उभे राहायला हवेत तो आकडा मात्र दर वेळी पुढे ढकलला गेला.

या निर्णयाचे मूळ दिल्लीत आहे. २०१० मध्ये एका स्वयंसेवी संस्थेने तिथल्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. शाळांमध्ये आणि शाळेपासून ५०० यार्डांच्या आत जंक फूड आणि शीतपेये विकू देऊ नयेत, अशी मागणी होती. खटला पाच वर्षे चालला. खाद्य उत्पादकांच्या आणि उपाहारगृह चालकांच्या संघटनाही त्यात उतरल्या. या उद्योगाची मांडणी जुनीच आहे: कोणताही पदार्थ मुळात वाईट नसतो, आहार वाईट असतो, आणि मुलाच्या आहारावर लक्ष ठेवणे हे आईवडिलांचे काम. तज्ज्ञांनी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली तेव्हा ‘जंक फूड’ हा शब्द मागे पडून ‘मेद, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ’ अशी लांबलचक संज्ञा आली. मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने ही तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. तोवर ५०० यार्ड, म्हणजे साधारण साडेचारशे मीटर, आकसून ५० मीटर झाले होते. तंबाखूविरोधी कायद्याने २००३ मध्ये शाळेभोवती १०० यार्डांची हद्द आखली होती. खाण्याच्या पदार्थांना त्याच्या जवळपास निम्मी पुरेशी वाटली.

तीन महिन्यांचे काम पाच वर्षांवर गेले. बंधनकारक नियम सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झाले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले. कोरोनामुळे तेव्हा राज्यातल्या बहुतेक शाळांना कुलूप होते. शाळा उघडल्या तेव्हा या नियमांकडे पाहायला कोणालाच फुरसत नव्हती, कारण दीड वर्ष घरात बसलेल्या मुलांचा अभ्यास हीच सगळ्यांची चिंता होती. नियम सांगतो की फाटकावर फलक लावा, आत आणि ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकू नका, फुकट वाटू नका, त्यांची जाहिरात करू नका. प्रत्यक्षात मधली सुट्टी झाली की फाटकासमोरच्या टपरीवर पाच-दहा रुपयांच्या चकचकीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात आणि मुलांचे हात त्यांच्यापर्यंत पोचत असतात. टपरीवाल्याला अडवायचे कोणी? मुख्याध्यापकांचा अधिकार फाटकापाशी संपतो. पालिकेच्या माणसाला पदार्थात किती मीठ आहे हे कळण्याचा मार्ग नाही.

आणि कळले, तरी किती मीठ म्हणजे ‘जास्त’? हा प्रश्न नियमांनी मोकळा सोडला. तो सुटणार होता तो पाकिटावरच्या लेबलांच्या नियमांत. एप्रिल २०१८ च्या मसुद्यात मर्यादा होत्या; त्या ओलांडणाऱ्या पदार्थांच्या दर्शनी बाजूवर लाल खूण करायची होती. उद्योगांचा विरोध झाला. २०१९ मध्ये मसुदा बदलून आला. २०२० च्या अखेरीस लेबलांचे अंतिम नियम प्रसिद्ध झाले तेव्हा दर्शनी खूण त्यातून गळाली होती. म्हणजे शाळेतल्या विक्रीवर बंदी आली ती ‘जास्त’ या शब्दाच्या आधारावर, आणि त्याच वर्षी त्या शब्दाला आकडा देणारी तरतूद बाजूला पडली.

सप्टेंबर २०२२ मध्ये तिसरा मसुदा आला. त्यात लाल खुणेऐवजी तारे होते, अर्ध्यापासून पाचपर्यंत. या पद्धतीत साखर, मीठ आणि संपृक्त मेदाचे गुण वजा होतात, तर तंतू, प्रथिने, फळे, सुकामेवा यांचे गुण जमेला धरतात. त्यामुळे भरपूर साखर असलेल्या पदार्थात थोडा सुकामेवा किंवा तंतू घातला की त्याचा दर्जा वर सरकू शकतो. ग्राहक संघटनांचा आणि अनेक डॉक्टरांचा आक्षेप नेमका यावर होता. त्यांना इशारा हवा होता, गुणपत्रक नको होते. मसुद्यावर सुमारे १४ हजार सूचना-हरकती आल्या.

चिलीमध्ये हे आधीच करून पाहिले गेले आहे. तिथे २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक मर्यादेपलीकडे गेले की पाकिटावर काळा अष्टकोन छापावा लागतो. ज्यावर तो अष्टकोन, तो पदार्थ शाळेत विकता येत नाही आणि लहान मुलांसाठी त्याची जाहिरातही करता येत नाही. एकाच आकड्यावर लेबल, शाळा आणि जाहिरात हे तिन्ही बांधलेले आहेत. तिथे शिपायालाही पाकीट हातात घेऊन ठरवता येते. आपल्याकडे हे तिन्ही विषय वेगवेगळ्या कागदांत राहिले.

आईवडिलांच्या जबाबदारीचा मुद्दा खोटा नाही. डबा घरूनच येतो, खाऊचे पैसेही घरूनच मिळतात. पण ती जबाबदारी पार पाडायला त्यांच्या हाती काय दिले, हेही पाहायला हवे. आज पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यातले रोजच्या गरजेचे टक्के मोठ्या माणसासाठी काढलेले असतात: दिवसाला २,००० उष्मांक, ५० ग्रॅम वरची साखर, २,००० मिलिग्रॅम सोडियम. पाच वर्षांच्या मुलाची उष्मांकांची गरज चौदाशेच्याही आत असते. म्हणजे आईने चष्मा लावून तक्ता वाचला, तरी तिच्या मुलाचा हिशेब तिला त्यातून मिळत नाही. अशा पालकाला ‘तुम्ही लक्ष ठेवा’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

सरकारने नेहमीच असे हात झटकले होते असेही नाही. १९९२ मध्ये अर्भकांसाठीच्या दूध-भुकटीचा आणि दुधाच्या बाटल्यांचा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या या पदार्थांची जाहिरात करायला या कायद्याने पूर्ण मनाई आहे. आईने काय पाजावे हा घरचा प्रश्न आहे, असे म्हणून संसदेने तेव्हा अंग काढून घेतले नाही. कंपनीची जाहिरात आणि आईचा निर्णय यांच्यामध्ये ती उभी राहिली. मूल तिसऱ्या वर्षात पाऊल टाकते तेव्हा ते संरक्षण संपते, आणि खाऊच्या जाहिराती सुरू होतात त्याही साधारण तेव्हाच.

त्याआधीचा इतिहास भुकेचा आहे. १९७५ च्या अंगणवाड्या आणि १९९५ ची शालेय पोषण आहार योजना हडकुळ्या मुलांसाठी होती, आणि ते बरोबरच होते. ‘गुटगुटीत बाळ’ हे कौतुक अशाच काळातले. पण हडकुळेपणा आणि लठ्ठपणा ही दोन टोके नाहीत, हे पुण्याच्या संशोधनाने दाखवले. पुण्यातल्या एका रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. गावाकडच्या बाळांत स्नायू कमी होते, पोटाचा घेर लहान होता, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबी राखून असलेले हे शरीर पुढे साखर-मेदाच्या माऱ्यात सापडले की मधुमेहाकडे झुकते. त्याची सुरुवात आईच्या गरोदरपणातल्या, आणि त्याही आधीच्या पोषणात असते. तिथे ‘पालकांची जबाबदारी’ कुठून मोजायची?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे याला धरूनच आहेत. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जास्त वजनाची मुले २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होती. २०१९-२१ मध्ये ती ४.१ टक्के झाली. त्याच काळात उंची खुंटलेली मुले ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेली. दोन्ही आकडे एकाच राज्यात, एकाच वेळी वाढले.

२०२५ मध्ये सरकारी हालचालींना एकदम वेग आला. पंतप्रधानांनी फेब्रुवारीत आकाशवाणीवरून लठ्ठपणाचा विषय काढला आणि तेल कमी करायला सांगितले. मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावायला सांगितले. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात, शिफारस ५ टक्क्यांची आहे, असे त्या परिपत्रकात होते. जूनमध्ये सरकारी कार्यालयांसाठी तेल आणि साखरेच्या फलकांची सूचना निघाली. नागपूरच्या एका केंद्रीय रुग्णालयाच्या निमित्ताने त्याची बातमी ‘सामोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा’ अशी पसरली, आणि विक्रेत्यांच्या पदार्थांवर कोणताही इशारा छापायचा नाही, असा खुलासा केंद्राला करावा लागला. फलक भिंतीवर राहिला, पाकीट जसेच्या तसे.

याच वर्षाच्या सुरुवातीला राज्याने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठी दिला जाणारा वेगळा निधी थांबवला आणि अंडी हवीच असतील तर लोकवर्गणी काढा, असे शाळांना सांगितले. २०१७ च्या चांगल्या यादीत अंडी होती.

करांचे चित्रही असेच मिश्र आहे. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला होता. वर्षभरात जीएसटी आला आणि तो त्यात विरून गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखर घातलेल्या शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट, झटपट नूडल्स आणि पाकीटबंद नमकीन ५ टक्क्यांवर आले. ही सवलत घरखर्च हलका करण्यासाठी होती, पण शाळेच्या यादीत बंदी असलेले पदार्थच तिने स्वस्त केले.

लेबलांचा वाद दरम्यान सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले. जुलैमध्ये सरकारने मुदत वाढवून मागितली आणि आणखी तीन महिने मिळाले.