नदी-उद्यानातील मलनिस्सारण सुधारणा व पर्जन्यजल साठवण

शहरातून वाहणाऱ्या नदीकाठच्या उद्यानाखालून गेलेल्या जुन्या मलवाहिन्या दुरुस्त करणे किंवा त्यांची क्षमता वाढवणे, आणि पावसाचे पाणी काही तास थोपवून धरण्यासाठी त्याच जागेत टाक्या, बोगदे किंवा खोलगट मैदाने बांधणे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. जोराच्या सरीत शहरभरातून धावत आलेले पाणी मैला सोबत घेऊन नदीत उतरू नये आणि नदी फुगलेली असताना ते रस्त्यांवरही तुंबू नये, हा तिचा हेतू. या व्यवस्थेमुळे पाण्याचा एक थेंबही कमी होत नाही. त्याची नदीवर पोहोचण्याची वेळ तेवढी पुढे ढकलली जाते. नदीचे आरोग्य वर्षातल्या मोजक्या पावसाळी तासांवर किती अवलंबून असते हे ध्यानात घेतले, की ही पुढे ढकललेली वेळ केवढ्या मोलाची आहे ते कळते.

काठ, बाग आणि गटार

सांडपाणी शक्यतो उतारानेच वाहून न्यायचे असते. त्यामुळे मुख्य मलवाहिनी शहराच्या सर्वांत सखल रेषेने जाते, आणि ती रेषा म्हणजे नदीचा काठ. पुराचे पाणी चढणाऱ्या या पट्ट्यात इमारती बांधणे धोक्याचे, म्हणून तो मोकळा राहतो आणि पुढे बागेला मिळतो. बाग आणि गटार एकाच जागी येतात ते असे, भूगोलामुळे. हिरवळीतून मधूनमधून डोकावणारी चेंबरची गोल झाकणे एका ओळीत पाहत गेले, तर खालच्या वाहिनीचा मार्ग नकाशाशिवायही सांगता येतो.

या जोडीचे ठळक जुने उदाहरण लंडनमध्ये आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी एवढी वाढली, की काठावरच्या संसदेचे कामकाज चालवणे मुश्कील झाले. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या आराखड्याप्रमाणे नदीला समांतर अशा सुमारे १३२ किलोमीटर रोधक वाहिन्या बांधल्या गेल्या. रस्त्यारस्त्यांतून नदीकडे जाणारी गटारे त्यांनी वाटेतच अडवली आणि मैला शहराच्या खालच्या अंगाला नेला. १८७० मध्ये खुला झालेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा त्याच कामाचा भाग. नदीत भराव घालून केलेल्या या काठाच्या पोटात मलवाहिनी आणि भुयारी रेल्वे आहे, वर रस्ता आणि बागा आहेत.

ओसंड

जुन्या शहरांत बहुधा एकत्र पद्धत आढळते, म्हणजे घरातले सांडपाणी आणि छपरा-रस्त्यांवरचे पावसाचे पाणी एकाच वाहिनीत. कोरड्या दिवशी ही वाहिनी जेमतेम तळाशी वाहते. पाऊस आला की तिच्यातला प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. तेवढे पाणी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रक्रिया केंद्राला पेलत नाही, म्हणून वाहिनीच्या कडेला ठरावीक उंचीचा बांध ठेवलेला असतो. पातळी त्याच्या वर गेली की जास्तीचे पाणी पलीकडे पडून थेट नदीत जाते. ब्रिटनमधला जुना ठोकताळा असा, की कोरड्या दिवसाच्या प्रवाहाच्या सहापटींपर्यंतचे पाणी पुढे जाऊ द्यायचे, उरलेले नदीला.

या ओसंडाला सरसकट दोष देणे बरोबर नाही. प्रेशर कुकरला शिटी असते तसा तो. तो बंद केला तर तेच पाणी उलटे फिरून तळघरांतल्या संडासांतून वर येईल. बिघडले ते नंतर. शहराने अंगणे फरसबंद केली, मातीवर डांबर घातले, आणि जो बांध वर्षातून काही वेळाच ओलांडला जाईल असे धरले होते, तो साध्या सरीलाही ओलांडला जाऊ लागला.

त्यातही पहिल्या सरीचे पाणी सर्वांत घाण असते. कोरड्या दिवसांत रस्त्यावर साचलेली धूळ, टायरचा भुगा, गळलेले तेल, शिवाय मंद प्रवाहात वाहिनीच्या तळाशी बसलेला मैल्याचा गाळ, असे सगळे पहिल्या काही मिनिटांत उचलले जाते. पुढचे पाणी त्या मानाने निवळ असते. म्हणूनच लहानशी टाकीसुद्धा, पहिला लोंढा नेमका पकडत असेल, तर आपल्या आकाराच्या मानाने बरेच काम करून जाते.

किती पाणी?

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. समजा, शंभर हेक्टर वस्तीवर २० मिलिमीटरची सर आली आणि त्यातले ७० टक्के पाणी जमिनीत न मुरता वाहून आले. तर १४,००० घनमीटर पाणी गोळा होते. फुटबॉलच्या पूर्ण आकाराच्या मैदानावर सुमारे दोन मीटर उंचीपर्यंत मावेल एवढे हे पाणी, तेही एका मध्यम सरीचे. दाट वस्तीच्या शहरात एवढी मोकळी जागा नदीकाठच्या बागेखेरीज सहसा कुठे मिळत नाही. आणि बाग उतारावर सर्वांत खाली असल्याने पाणी तिथवर आणायला पंपही लागत नाही.

वाहिन्यांची दुरुस्ती

जुन्या विटांच्या मलवाहिन्यांचा छेद पुष्कळदा अंड्यासारखा, निमुळती बाजू खाली अशा आकाराचा असतो. पाणी कमी असले तरी अरुंद तळात ते खोल आणि वेगाने वाहते आणि गाळ बसू देत नाही. पाऊस आला की वरची रुंद बाजू कामी येते. काँक्रीटच्या वाहिन्यांचे दुखणे निराळे. साचलेल्या मैल्यात प्राणवायू संपला की जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो वर जाऊन वाहिनीच्या ओलसर छताला लागतो आणि तिथले दुसरे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. त्यामुळे झीज आतल्या छतापासून सुरू होते. तळ ठणठणीत आणि डोक्यावरचे काँक्रीट भुसभुशीत, अशी वाहिनी वरून काहीही न कळता एक दिवस खचते, आणि बागेत खड्डा पडतो.

अशी वाहिनी उकरून बदलायची म्हणजे बागेतली झाडे जाणार. त्याला पर्याय म्हणून एरिक वूड यांनी १९७१ मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरलेली अस्तराची पद्धत आता सर्रास वापरली जाते. रेझिनमध्ये, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेली कापडी नळी चेंबरमधून आत सोडतात. पाण्याच्या दाबाने ती मोज्यासारखी उलटत पुढे सरकते आणि जुन्या भिंतीला चिकटते. मग गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाश देऊन ती कडक करतात. व्यास किंचित घटतो, पण आतला पृष्ठभाग गुळगुळीत झाल्याने वहनक्षमता बहुधा कमी होत नाही. शिवाय फटींतून आत झिरपणारे भूजल आणि आत घुसणारी मुळे थांबतात. नदीकाठी हा झिरपा इतका असू शकतो, की पाऊस नसतानाही वाहिनीची काही क्षमता निव्वळ स्वच्छ पाणी वाहण्यात खर्ची पडते.

टाकी बांधताना

नदीकाठी जमिनीखाली टाकी बांधताना पहिली अडचण पाण्याचे वजन ही नसून पाणी नसणे ही असते. भूजल पातळीखाली दहा मीटर तळ असलेल्या रिकाम्या टाकीला खालून दर चौरस मीटरला सुमारे दहा टन इतका वर ढकलणारा रेटा बसतो. तो फक्त वजनाने दाबायचा तर चार मीटरहून जाड काँक्रीट ओतावे लागेल. म्हणून तळाला खोलवर खिळवणारे ताण-खांब किंवा नांगर देतात, भिंतीचे मातीशी होणारे घर्षण हिशेबात धरतात, आणि छतावर मातीचा थर घालतात. बागेची माती अशी टाकीला जागेवर धरून ठेवण्याच्याही कामी येते. मोठ्या टाक्या गोल असतात, कारण सगळ्या बाजूंनी येणारा मातीचा दाब गोल भिंत स्वतःच स्वतःला आवळून पेलते.

पाऊस ओसरला आणि प्रक्रिया केंद्रावरचा ताण उतरला की साठलेले पाणी हळूहळू पंपाने परत मलवाहिनीत सोडतात. एक-दोन दिवसांत टाकी रिकामी व्हायलाच हवी. उशीर झाला तर पाणी कुजते, आणि त्याआधी दुसरी सर आली तर टाकी असून नसल्यासारखी. तळाशी राहिलेला गाळ माणसे उतरवून काढणे जिवावरचे काम आहे. म्हणून टाकीच्या एका टोकाला स्वच्छ पाण्याने भरणारी आणि भरताच आपोआप कलंडणारी लांबलचक बादली बसवतात. तिच्यातून सुटलेली पाण्याची लाट उतरत्या तळावरून धावते आणि गाळ पलीकडच्या चरात लोटते. निविदेत ही बादली आणि वास शोषणारी कोळशाची गाळणी क्षुल्लक वाटतात, पण लोक बागेत बसतील की नाही हे बहुतांशी त्यांच्यावरच ठरते.

निरनिराळी शहरे

पॅरिसमध्ये सेन नदीत पोहण्यावर १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिंपिकआधी ऑस्टर्लिट्झ स्थानकाजवळ सुमारे ५० मीटर व्यासाची आणि ३० मीटर खोल, ५०,००० घनमीटर पाणी मावणारी टाकी बांधून झाली. वर बाग आहे. तरीही स्पर्धेच्या सुरुवातीला झालेल्या पावसाने पाण्याची गुणवत्ता घसरली आणि सेनमध्ये पोहण्याचा टप्पा असलेली पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढे ढकलावी लागली. टीकाकारांनी याला अपयश म्हटले. खरे तर टाकी विशिष्ट आकाराच्या पावसासाठीच बांधलेली असते, त्यापुढच्या पावसाला ती पुरणार नाही हे आराखड्यातच मान्य केलेले असते. जुलै २०२५ मध्ये सेनवरची तीन ठिकाणे सर्वसामान्यांना पोहायला खुली झाली.

माद्रिदने मान्सानारेस नदीलगतचा वेगवान रस्ता जमिनीखाली घालून वर उद्यान केले. त्याच नदीसाठी आर्रोयोफ्रेस्नो आणि बुतार्के येथे प्रत्येकी सुमारे चार लाख घनमीटरच्या टाक्या आहेत. लंडनने बॅझलजेट यांच्या वाहिन्यांना जोड म्हणून २५ किलोमीटर लांबीचा, ७.२ मीटर व्यासाचा बोगदा टेम्सच्या मार्गाने खणला. २०२५ मध्ये त्याच्या सर्व जोडण्या पूर्ण झाल्या. टोकियोजवळच्या कासुकाबे येथील ६.३ किलोमीटरचा भुयारी मार्ग मात्र फक्त पुरासाठी आहे, त्यात मैल्याचा संबंध नाही. त्याच्या टोकाच्या १८ मीटर उंच दालनात ५९ खांब उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर फुटबॉलचे मैदान.

सिंगापूरने टाकी न बांधता नदीच मोकळी केली. बिशान उद्यानालगत कल्लांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळ काँक्रीट कालव्यातून वाहत असे. २०१२ पर्यंत कालवा फोडून तिला ३.२ किलोमीटरचे वळणदार पात्र दिले गेले. आता जोराच्या पावसात पाणी हिरवळीवर पसरते, पात्र सुमारे शंभर मीटर रुंद होते. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर जुने एंगहावे उद्यान कडेने बांध घालून सुमारे २२,००० घनमीटर पाणी धरेल असे केले गेले. अशा उघड्या साठवणीत फक्त स्वतंत्र वाहिन्यांतले पावसाचे पाणी घेता येते. एकत्र वाहिनीचे पाणी मुलांच्या खेळण्याच्या जागेत सोडणे हा गुन्हाच ठरेल.

मतभेद

प्रदूषण रोखणारी टाकी पहिला लोंढा येताच भरायला हवी. पूर रोखणारी टाकी सरीचा कळस येईपर्यंत रिकामी हवी. एकाच टाकीकडून दोन्ही अपेक्षा ठेवल्या, की कुठेतरी माती खाल्ली जाते. मोठ्या टाक्यांत म्हणून आत दोन कप्पे करतात, किंवा पातळी मोजून दरवाजे उघड-बंद करतात.

दोन्ही पाण्यांच्या वाहिन्या मुळातच वेगळ्या कराव्यात, असा आग्रह पुष्कळदा धरला जातो. त्यासाठी गल्लीन् गल्ली उकरावी लागते, आणि तरी एखाद्या घराचे सांडपाणी चुकून पावसाच्या वाहिनीला जोडलेले निघतेच. फिलाडेल्फियाने २०११ पासून झाडांचे वाफे, पाझर फुटपाथ आणि हिरवी छपरे यांवर भर देणारा २५ वर्षांचा कार्यक्रम घेतला आहे. पाणी पडते तिथेच मुरवणे केव्हाही शहाणपणाचे. पण चिकण मातीच्या, आधीच भिजलेल्या जमिनीत ते मुरणार तरी किती, हा प्रश्न उरतो. क्रमाच्या बाबतीत मात्र दुमत नसावे. आधी दगडी काठ, दिवे, कारंजी आणि मग कधीतरी वाहिन्या, असा उलटा क्रम लागला, की नवी फरशी दोन-तीन वर्षांत उखडावी लागते.

जमिनीवरच्या खुणा

टाकीच्या छतावर साधारण एक ते दीड मीटर माती असते. त्यात गवत आणि झुडपे तगतात, मोठी झाडे नाहीत. शिवाय मुळांनी छताचा जलरोधक थर फोडू नये म्हणून ती लावतही नाहीत. त्यामुळे जुन्या वृक्षांच्या दाटीत अचानक एक बिनझाडांची हिरवळ लागते. तिच्या कडेला मोठी चौकोनी लोखंडी झाकणे असतात, ट्रक येईल एवढा पक्का रस्ता असतो आणि दिव्याच्या खांबासारखा पण बिनदिव्याचा एक उंच नळ असतो. टाकी भरू लागली की आतली हवा त्या नळातून बाहेर पडते. पावसात छत्री घेऊन जवळ उभे राहिले तर ती ऐकू येते.