कावीळ (परिचर्या)

रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढले की डोळ्यांचा पांढरा भाग, टाळू आणि त्वचा यांवर पिवळी झाक येते, तिला कावीळ म्हणतात. ताप हा जसा रोग नव्हे, तशी कावीळही नव्हे. तिच्या मागे काय आहे ते शोधावे लागते. गोव्यात कोकणी बोलणारे तिला ‘कामीण’ म्हणतात. सत्तरी-पेडण्याकडचा रुग्ण बांबोळीला आणला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला लोक गावाच्याच नावाने ओळखतात), की घरचे ‘कामीण जाल्या’ एवढे सांगून मोकळे होतात. त्याआधी कुणाकडे जाऊन ती ‘उतरवून’ घेतली, कोणता रस पोटात गेला, हे आपणहून क्वचितच सांगतात. ते न रागावता विचारून काढणे हे परिचारिकेचे पहिले काम.

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या फुटल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते, म्हणून लघवीत उतरत नाही. यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते. मग ते विरघळते आणि पित्तातून आतड्यात जाते. तिथल्या जिवाणूंच्या हातून त्याचे रूपांतर होते आणि शौचाला नेहमीचा तपकिरी रंग येतो. हा रस्ता डोळ्यांसमोर असला की काविळीच्या प्रकारांचे तक्ते घोकावे लागत नाहीत.

बिलिरुबिनचे नेहमीचे प्रमाण १०० मिलिलिटरमागे १.२ मिलिग्रॅमच्या आत असते. डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो तो साधारण २ ते ३ च्या पुढे, तोही दिवसाच्या उजेडात. पिवळट बल्बखाली सौम्य कावीळ हमखास निसटते, म्हणून रुग्णाला खिडकीपाशी न्यावे, खाली बघायला सांगावे आणि वरची पापणी उचलून पाहावे. गाजर-पपई अतोनात खाणाऱ्याचे तळहात पिवळे होतात, पण डोळे पांढरेच राहतात. क्षयाची औषधे घेणाऱ्याची लघवी रिफॅम्पिसिनमुळे नारिंगी होते आणि माणूस घाबरून येतो. त्याचेही डोळे आधी पाहावेत. मात्र डोळे खरोखर पिवळे असतील तर ती गंभीर बाब आहे, कारण याच औषधांपैकी काही यकृताला इजा करतात.

रस्ता यकृताच्या आधी बिघडला, म्हणजे पेशीच भराभर फुटू लागल्या, तर कावीळ फिकट लिंबासारखी असते, शौचाचा रंग गडद असतो आणि लघवीत बिलिरुबिन नसते. यकृताच्या पुढे, पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकली, तर लघवी काळ्या चहासारखी होते, बाटली हलवली की फेसही पिवळा दिसतो, आणि शौच गणपतीच्या शाडूसारखे पांढुरके होते. अशा रुग्णाला खाज इतकी सुटते की तो रात्रभर झोपत नाही. नखे कापणे आणि सुती कपडे देणे ही किरकोळ वाटणारी कामे तिथे औषधाइतकी मोलाची ठरतात. पित्त आतड्यात पोचत नसल्याने व्हिटॅमिन के शोषले जात नाही, रक्त गोठायला उशीर लागतो. प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी) पाहिल्याशिवाय स्नायूत इंजेक्शन देऊ नये. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि कावीळ ही तिन्ही एकत्र दिसली तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, आणि डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीची वाट पाहता येत नाही. याउलट काही न दुखता वाढत जाणारी कावीळ वयस्क माणसात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचीही असते.

तिसरा प्रकार खुद्द यकृतातला. गोव्यात पावसाळा सुरू झाला की दूषित पाणी-अन्नातून पसरणारे हेपटायटिस (विषाणूंमुळे येणारी यकृताची सूज) ए आणि ई डोके वर काढतात. ए बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. माळ घालून, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन किंवा नाकात कडू रसाचे थेंब सोडून कावीळ उतरवणाऱ्यांची ख्याती मुख्यतः यावरच उभी आहे. ई मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेततो. शेतात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखणे, लाल डोळे आणि कावीळ असेल तर लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची) शंका घ्यावी आणि लघवीचे मोजमाप त्याच दिवशी सुरू करावे, कारण पुढचा घाव मूत्रपिंडांवर पडतो. बी आणि सी रक्तातून पसरतात. लस न घेतलेल्या परिचारिकेला हेपटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता १०० त ३० पर्यंत जाते. एचआयव्हीसाठी हाच आकडा ०.३ आहे, तरी धास्ती एचआयव्हीचीच जास्त असते. लशीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे. सुई टोचलीच तर जखम दाबत न बसता साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच कळवावे.

दारूमुळे होणारी यकृताची हानी हा गोव्यातल्या वॉर्डांचा रोजचा विषय. ‘किती घेता?’ याला ‘फक्त हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या वाफेची सौम्य दारू), तोही मोसमात’ असे उत्तर मिळते, जणू ती दारूच नव्हे. हिशेब मांडून पाहावा. काजूच्या फेणीत साधारण ४२ टक्के मद्यार्क असतो. ६० मिलिलिटरच्या पेगमधून सुमारे २० ग्रॅम पोटात जातो. हुर्राक १५ टक्क्यांच्या आसपास, पण तो ग्लासाने पितात: १८० मिलिलिटरमध्ये जवळपास २१ ग्रॅम. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यकृताला मानांकनाने फरक पडत नाही.

भरती झाल्यावर दारू अचानक बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण चादर चिवडू लागला, घाम फुटला, भिंतीवर किडे दिसू लागले, तर ते दारू तुटल्याचे लक्षण असू शकते. यकृत निकामी होऊन मेंदूवर परिणाम झाला असेल तर चित्र वेगळे असते: माणूस सुस्त होतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, आणि हात पुढे करून मनगटे वर वळवायला सांगितली की पंजे फडफडतात. एक जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. रुग्णाला रोज सकाळी एकाच कागदावर सही करायला सांगावी. तिसऱ्या दिवशी शिरोरेघ अक्षरांना सोडून तिरकी धावू लागली, की रक्ताच्या अहवालाआधी कळते. अशा वेळी लॅक्ट्युलोज (शौच मऊ करणारे औषध) असे द्यायचे की दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हावीत. जुलाब झाले तर क्षार बिघडून गुंगी वाढते.

पोटात पाणी झालेल्याचे वजन रोज एकाच वेळी घ्यावे, पोटाचा घेर बेंबीपाशी पेनाने खूण करून मोजावा. पथ्याबाबत घरोघरी घोळ आहे. हळद बंद, मासे बंद, नुसती पेज चालू, आणि पेजेबरोबर खारावलेला बांगडा नाहीतर मिस्कूट (कैरीचे लोणचे)! हळदीने कावीळ वाढत नाही. ताज्या मासळीतली प्रथिने तर सिरोसिसच्या (यकृत कडक होऊन आकसण्याच्या) रुग्णाला हवीच असतात, वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम. पोटात पाणी असेल तर मीठ मात्र दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास रोखायचे. म्हणजे हुमण (माशांची आमटी) चालते, खारे आणि लोणचे चालत नाही.

नवजात बाळाची कावीळ बहुधा निरुपद्रवी असते, पण पहिल्या २४ तासांत दिसली तर कधीच साधी मानायची नाही. तिच्यावरचा प्रकाशोपचार एका परिचारिकेच्या नजरेतून आला. १९५६ साली इंग्लंडच्या रॉचफर्ड रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळणाऱ्या सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. एका बाळाच्या अंगावर पिवळा त्रिकोण उरला होता. डॉक्टरांना वाटले काहीतरी औषध फासले आहे. तो भाग चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला होता, बाकी पिवळेपणा उन्हाने उडाला होता. १९५८ मध्ये यावरचा अभ्यास छापून आला. आज उन्हाऐवजी ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश वापरतात. डोळे झाकायचे, लंगोटाखेरीज अंग उघडे ठेवायचे, दूध पाजताना डोळ्यांची पट्टी काढायची, आणि रंगावरून अंदाज न बांधता बिलिरुबिन तपासायचे, कारण दिव्याखालच्या बाळाची त्वचा गोरी दिसते, रक्त तसेच असू शकते.