झिप केल्यानं फोटोचा दम जातो का?

भाच्याच्या लग्नाचे फोटो आणायला नागपूरच्या महाल भागात फोटोग्राफरकडे गेलो होतो. फोल्डर ३८ जीबीचा. "झिप करून नेटवर टाकून द्या," म्हटलं, तर तो दचकलाच. "सर, झिप नोका करू. फोटोचा दम निघून जाते." त्याच्या मदतनीस पोराचं मत बरोबर उलटं: एकदा झिप केलं की फाइलची साइज कमी होते, दोनदा केलं की अजून कमी होते. दोघंही चुकत होते. चहा यायचा होता, म्हणून मी सुरू झालो.

फोटोग्राफरची भीती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली. तिथे साधा फोटो पाठवला की बारीक तपशील खरंच फेकला जातो. संत्रं पिळून रस पाठवावा तसं. त्या रसाचं परत संत्रं होत नाही. झिप, जीझिप, एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या प्रोग्रामांची जात वेगळी. यांनी दाबलेली फाइल उघडली की मूळ फाइल बाइटन् बाइट परत मिळते, आणि ती तशीच मिळाली का हे पाहायला आत एक तपासबेरीजही ठेवलेली असते.

मग जागा वाचते कुठून? पुनरुक्तीतून. १९७७ साली अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी जी युक्ती मांडली, तीच आजही झिप आणि जीझिपच्या पोटात आहे. बर्डीवरच्या गाडीवाल्याची हाळी घ्या: "संत्री घ्या, गोड संत्री घ्या". पहिलं "संत्री घ्या" जसंच्या तसं लिहावं लागतं. "गोड"सुद्धा. पण दुसऱ्यांदा तेच शब्द आले की प्रोग्राम ते लिहीत नाही. तो फक्त सूचना लिहितो: ४३ बाइट मागे जा, तिथून ३१ बाइट उचल. (मोजून बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइटचं. स्वल्पविराम आणि मोकळी जागा १ बाइटची.)

यातली मला सगळ्यात आवडणारी गंमत "हाहाहाहा" या मजकुरात दिसते. "हा" म्हणजे ६ बाइट. दहा वेळा "हा" लिहायचं असेल तर पहिला "हा" लिहायचा आणि पुढे सांगायचं: ६ बाइट मागे जा, ५४ बाइट उचल. मागे तर सहाच आहेत, चोपन्न आणायचे कुठून? उचलता उचलता नवे तयार होत जातात, आणि तेच पुढे उचलले जातात. आपल्याच शेपटीवर पाय देत पुढे जाणारा हा साप पहिल्यांदा समजला तेव्हा मी रात्री दीडला उठून "संत्री" हा शब्द एक लाख ओळींत भरून बघितला होता. १९ लाख बाइटची फाइल जीझिपनं ५ हजार बाइटच्या आसपास आणली.

यावर दुसरा थर चढतो तो डेव्हिड हफमनचा. एमआयटीत शिकत असताना परीक्षेऐवजी निबंध लिहायची सवलत मिळाली, त्यातून ही पद्धत निघाली; १९५२ साली ती छापून आली. जे चिन्ह वारंवार येतं त्याला छोटा संकेत, जे क्वचित येतं त्याला लांब. इथे आपल्या मराठीची चांदी होते. युटीएफ-८ या अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत "स" म्हणजे २२४, १६४, १८४ हे तीन आकडे. "ी" म्हणजे २२४, १६५, १२८. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला आकडा २२४च, आणि दुसरा १६४ नाहीतर १६५. म्हणजे तीन बाइटमधला पहिला काहीच नवीन सांगत नाही, दुसरा जेमतेम एक बिट, म्हणजे ० की १ इतकंच, सांगतो. खरी माहिती तिसऱ्यात. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातो ही तक्रार खरी आहे, पण दाबला की तो फुगाही तितक्याच जोरात उतरतो.

आता पोराचं "दोनदा झिप". १० बिटांच्या वेगवेगळ्या फाइली होतात १०२४. त्याहून छोट्या, अगदी शून्य बिटांची रिकामी फाइल धरूनही, होतात १०२३. म्हणजे प्रत्येक फाइल छोटी करायची म्हटलं तर निदान दोन फाइलींच्या वाट्याला एकच छोटी फाइल येणार, आणि उघडताना कुठली परत द्यायची ते कळणार नाही. एकदा पुनरुक्ती निघून गेली की दुसऱ्या झिपला दाबायला सहसा काही उरत नाही. कुठलीही फाइल हवी तितकी लहान करून देतो म्हणणारं अ‍ॅप आणि पैशाचा पाऊस पाडणारा भोंदूबाबा, दोघांचं गणित सारखंच.

लग्नाचे फोटो याच कारणानं दबत नाहीत. जेपीजी फाइल बनतानाच तिच्यावर हफमनचा हात फिरून गेलेला असतो. त्या ३८ जीबीचे झिप करून फार तर ३७ झाले असते.

तरी झिप करायचं ते कशाला? हजार फाइलींचं एक गाठोडं होतं म्हणून. युनिक्स या संगणक प्रणालीवर गाठोडं बांधायचं काम टार या प्रोग्रामचं. तो मुळात फाइली साठवायच्या चुंबकीय टेपसाठी लिहिलेला. दाबत काही नाही, फक्त एकामागे एक रचतो. दाबायला पुढे जीझिप किंवा एक्सझेड. झिप प्रत्येक फाइल वेगळी दाबतं, त्यामुळे एका फाइलीतली पुनरुक्ती दुसरीला कामी येत नाही. टारच्या गाठोड्यात ती येते, पण मागे बघायची खिडकी पुरली तर: जीझिपची ३२ किलोबाइट, एक्सझेडची नेहमीच्या सेटिंगला ८ मेगाबाइट.

आणि नेट मध्येच तुटलं तर? त्यासाठी आरसिंक हा फाइली पाठवणारा प्रोग्राम. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तो लिहिला. पोचलेल्या फाइली तो पुन्हा पाठवत नाही, आणि बदललेल्या फाइलीचा फक्त बदललेला भाग पाठवतो. कसं, ते मी सांगायला घेतलं, तर फोटोग्राफरनं घड्याळ बघितलं.

"सर, पेनड्राइव्ह देतो ना. पोरगा स्कूटीनं घरी आणून देते."

महाल ते प्रतापनगर, वीस मिनिटं. ३८ जीबी भागिले १२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला २५० मेगाबिट. माझ्या घरच्या नेटला हा वेग कधीच मिळालेला नाही. पेनड्राइव्ह भरायला लागलेला पाऊण तास मात्र मी यात धरलेला नाही.