राजकारणाचा खेळ मांडताना: आपल्या गटासाठी जग कसं उभं करायचं

आमच्याकडे टेबलटॉप रोलप्लेइंग खेळायला येणारे बरेच गट पहिल्या भेटीला मोठा नकाशा घेऊन येतात. त्यावर डोंगर, जंगलं, सात राज्यं आणि सात झेंडे असतात, शिवाय हजारो वर्षांची वंशावळ. त्यामागची मेहनत दिसते आणि तिचं मनापासून कौतुक वाटतं. पण तुम्हाला राजकीय कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकी चालणारी राजकारणाची एकच गोष्ट, खेळायचं असेल, तर तो नकाशा गुंडाळून आमच्या कपाटात ठेवा. पाच-सहा बैठकींनी आपण तो पुन्हा काढू. तोवर काय करायचं, ते या पत्रकात आहे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये चार-पाच जण एकेक पात्र घेतात. एक जण गेम मास्टर असतो, तो बाकीचं सगळं जग चालवतो. पात्रं काय करतात ते खेळाडू बोलून सांगतात, आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासे पडतात. या खेळाचं पहिलं छापील रूप, डंजन्स अँड ड्रॅगन्स, 1974 मध्ये अमेरिकेत निघालं आणि त्याची मुळं लढायांच्या खेळात होती. त्यामुळे आजही अनेक नियमपुस्तकांची बरीच पानं मारामारीवर खर्च होतात. राजकारणाचं कॅम्पेन हवं असलेल्या गटाला बरीच सामग्री स्वतःच तयार करावी लागते.

आधी भांडण ठरवा

एका गोष्टीपासून सुरुवात करा: सगळ्यांना हवी आहे, पण सगळ्यांना पुरत नाही अशी. जमीन, मीठ, घाटवाट, गादी, काहीही चालेल. ती आज कोणाच्या हातात आहे, कोणाला हवी आहे, आणि ती त्याचीच आहे असं कुठल्या कागदावर लिहिलं आहे, एवढं ठरलं की अर्धं जग उभं राहिलं.

नाशिककरांना हे शिकायला लांब जावं लागत नाही. गंगापूर आणि दारणा ही आपली धरणं वर आहेत, पैठणचं जायकवाडी खाली. पाऊस कमी झाला की पाणी सोडायचं की नाही यावरून वाद पेटतो. तुटीच्या वर्षी ती तूट खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांनी वाटून घ्यावी, असं तत्त्व जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यात आहे. आता बघा, वरच्या शेतकऱ्याची द्राक्षबाग खरी आहे आणि खालच्या गावाची तहानही खरी आहे. दोन्ही बाजूंना आपलंच बरोबर वाटतं आणि दोन्ही बाजूंकडे दाखवायला कागद आहे. काळ्या किल्ल्यात बसलेल्या दुष्ट राजापेक्षा असं भांडण कॅम्पेनला कितीतरी जास्त पुरतं.

एक सकाळ पांडवलेण्यांत घालवा

ही आमची आवडती शिफारस आहे. पायऱ्या चढून वर गेलात की दहाव्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांपाशी जास्त वेळ थांबा.

दहावं लेणं क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याच्या लेखात एक व्यवहार कोरलेला आहे. त्याने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) इथल्याच गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ठेवले, दोन हजार एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसरीकडे. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक असं व्याज धरलं तर वर्षाचे दोनशे चाळीस होतात. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा मिळायचे होते. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशोब चोख जमतो. हे सगळं निगमसभेत (नगराच्या सभेत) जाहीर करून दप्तरी नोंदवलं, असंही लेखात आहे. याच उषवदाताने तापी आणि इतर काही नद्यांवर नावेतून फुकट उतरायची सोय केली होती.

गेम मास्टरच्या नजरेने पाहिलं तर एवढ्याशा मजकुरात तीन सत्ता आहेत: मुळचं बाहेरचं पण आता इथे पाय रोवू पाहणारं राजघराणं, लोकांचा विश्वास ज्याच्यावर आहे असा मठ, आणि दोघांचे पैसे सांभाळणारी कारागिरांची संघटना. राजाला मान्यता हवी म्हणून तो दान देतो. मठाला कायमचं उत्पन्न हवं आहे, आणि त्यासाठी भरवसा राजावर नसून कोष्ट्यांवर आहे, कारण राजे बदलतात.

आणि राजा बदललाच. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. तिसऱ्या लेण्यात त्याची आज्ञा कोरलेली आहे. पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत तो त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना देतो. काही वर्षांनी तिथेच दुसरी आज्ञा निघते, तिच्यात राजाची आईही आहे. आम्ही दिलेलं शेत कसलं जात नाही, ते ज्या गावात आहे ते गाव वसलेलं नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून शंभर निवर्तनं द्यावीत, असा तिचा आशय आहे. म्हणजे पहिला हुकूम कागदावरच राहिला होता. गाव ओस का पडलं? लोक कुठे गेले? दोनशेचे शंभर कसे झाले, आणि ते मठाने मुकाट्याने मान्य केलं का? लेख यावर काही बोलत नाही, आणि तुमच्या पहिल्या चार बैठकींचा मजकूर नेमका तिथेच आहे.

एक गोष्ट आणखी. 1906 मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. तुमच्या कल्पित जगात राज्य बदलल्याचं सांगायला लांबलचक निवेदन नको. खेळाडूच्या हातात असं एक नाणं द्या, ज्यावर नव्या ठशाखालून जुन्या राजाचं नाक अजून दिसतंय. ते खर्च करायचं की वितळवायचं, हा राजकीय प्रश्न तो स्वतःच उभा करतो. आम्ही अशी जाड पुठ्ठ्याची नाणी कापून देतो.

जादू आणताय, तर तिचा हिशोब मांडा

फँटसी म्हटली की जादू आलीच. राजकीय कॅम्पेनमध्ये जादूचा एकच नियम ठेवा, पण तो सत्तेला जाऊन भिडला पाहिजे. आम्ही मांडलेलं एक जग उदाहरणादाखल देतो, हवं तर तसंच्या तसं घ्या.

एक नदी आहे. तिच्या उगमाला मूळकुंड, मध्यावर विणपेठ, खाली राजधानी तळकोट. मूळकुंडाचं पाणी ओंजळीत घेऊन दिलेला शब्द मोडला तर मोडणाऱ्याची वाचा जाते. उगमापाशी शब्द दिला असेल तर कायमची, विणपेठेत दिला असेल तर महिनाभर, आणि तळकोटात दिला असेल तर जेमतेम एक दिवस. नियम एवढाच.

आता त्यातून काय काय निघतं ते पाहा. मोठे करार उगमालाच होणार, म्हणून मूळकुंडच्या छोट्या संस्थानाला फौज नसतानाही वजन आहे. विणपेठेचे कोष्टी ठेवी घेतात आणि कर्जं देतात, त्यांचा सगळा धंदा महिनाभराच्या शब्दावर चालतो. तळकोटच्या राजाकडे हत्ती आहेत, घोडे आहेत, पण त्याला कर्ज मिळत नाही, कारण त्याच्या शब्दाला एका दिवसाची किंमत आहे. त्याला उगम हवा. तो मागतो आहे ते अन्यायाचं आहे का? त्याची प्रजा दुष्काळात धान्य उधार आणू शकत नाही, हेही तितकंच खरं.

आणि मग मुके लोक. शब्द मोडला म्हणून वाचा गेलेली माणसं. त्यातले काही लबाड आहेत, पण कित्येकांना सावकाराने किंवा सरदाराने पाळताच येणार नाही असा शब्द द्यायला लावला होता. मुक्याची साक्ष सभेत धरत नाहीत. त्यांच्यातल्या एका बाईला लिहिता येतं आणि तिला तळकोटच्या दिवाणाबद्दल काहीतरी ठाऊक आहे. लिहिलेली साक्ष ग्राह्य धरायची का, या एका प्रश्नावर आमच्या टेबलावर दोन मित्रांची पात्रं समोरासमोर उभी राहिली आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. एकही तलवार न उपसता झालेली ती सर्वांत जोरदार बैठक होती.

असा नियम स्वतःचा बनवायचा तर कोरा कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा: ही जादू कोणाला परवडते, कोणाला मुळीच मिळत नाही, आणि तिच्यामुळे कोणाचा पोटापाण्याचा धंदा बुडाला. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक गट लिहायचं विसरतात, आणि बंडखोर तर तिथूनच येतात.

मुदत, मान आणि उपकार

गट, घराणी, पेठा किती असाव्यात? तीन पुरतात, पाच झाले की गेम मास्टरची दमछाक होते. प्रत्येक गटाला एक मागणी द्या, एक भीती द्या आणि एक असा माणूस द्या ज्याचं आपल्याच गटाशी पटत नाही.

त्याहून महत्त्वाची आहे मुदत. गंगापूर रोडवरच्या ज्या आनंदवल्लीवरून आपण रोज जातो, तिथे राघोबादादांचा वाडा होता. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादी राघोबादादांकडे गेली. नाना फडणवीस, सखारामबापू आदी बारभाईंनी नारायणरावांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर सुरक्षित ठेवलं आणि सगळा डाव न जन्मलेल्या मुलावर लावला. 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवरावांचा जन्म झाला. पण आधीचे ते महिने डोळ्यांपुढे आणा. मुलगा होणार की मुलगी, मूल वाचणार की नाही, कोणालाच माहीत नाही, आणि प्रत्येक सरदाराला त्याआधी बाजू निवडायची आहे. तुमच्या जगातही सगळ्यांना ठाऊक असलेली, कोणालाही पुढे ढकलता न येणारी अशी एक तारीख ठेवा. ती नसली की खेळाडू सल्लामसलतीतच बैठकी घालवतात.

मानपान विसरू नका. पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाचे बैल जाणार यावरून गावोगाव तंटे झाले आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. दरबारात कोण कुठे बसतो, विडा आधी कोणाला, पत्रात मायना काय लिहिला, यावर एक अख्खी बैठक रंगते. आणि ती खेळायला कुठलंही नियमपुस्तक लागत नाही.

फाशांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले म्हणून राजा गादी देत नाही. फासा टाकण्याआधी विचारा: समोरच्याला तुम्ही काय देताय? द्यायला काहीच नसेल तर फासा टाकूच नका. यासाठी आम्ही उपकाराच्या चिठ्ठ्या वापरतो. कोणी कोणासाठी काही केलं की त्याची चिठ्ठी लिहायची, आणि ज्याच्याकडे ती आहे त्याने पुढे कधीही ती वटवायची. पाच-सहा बैठकींनंतर टेबलावरचा चिठ्ठ्यांचा ढीगच तुमच्या जगाचा खरा नकाशा असतो. कपाटातला कागद काढायची वेळ तीच. आता कुठला घाट महत्त्वाचा आणि कुठलं जकातनाकं, हे तुम्हाला कळलेलं असतं.

करार झाला की आमच्याकडचा महजराचा (सभेच्या निवाड्याचा) कागद भरून घ्या. मराठेशाहीत गोतसभेच्या (गावच्या न्यायसभेच्या) निवाड्यावर हजर असलेले लोक आपापली निशाणी करत: पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, शेट्याचा तराजू. आम्ही रबरी शिक्के केले आहेत, तुमच्या घराण्यांसाठी नवे बनवूनही देतो. आपल्या हाताने उमटवलेला शिक्का मोडताना खेळाडू थबकतो. तो क्षण फाशांनी आणता येत नाही.

काही गोष्टी आधीच बोलून घ्या

पहिली बैठक खेळायची नसते, बोलायची असते. तिला सेशन झिरो म्हणतात. कोणत्या विषयांना हात लावायचा नाही, ते तिथे सगळ्यांसमोर ठरवा. आजचे पक्ष, आजचे पुढारी आणि खऱ्या जातीधर्मांची नावं आमच्या टेबलावर आणत नाही. अन्याय, सत्ता, बंड हे सगळं खेळा, पण टेबलाशी बसलेल्या कोणाचं घर त्यात ओढलं जाऊ नये. पात्रांचं वैर बैठकीबरोबर संपलं पाहिजे, म्हणून शेवटची दहा मिनिटं चहाला राखून ठेवतो. त्या वेळी पात्राच्या नावाने हाक मारायची नाही.

आमच्याकडे काय मिळतं

टेबल तासावर मिळतं, दर काउंटरवर लावलेले आहेत. गट तयार असेल आणि गेम मास्टर नसेल तर आमच्यापैकी एक जण बसतो. स्वतःचं जग उभं करायचं असेल तर तीन बैठकींत आम्ही सोबत करतो: पहिलीत भांडण आणि जादूचा नियम, दुसरीत गट आणि मुदत, तिसरीत पात्रं. खेळ पूर्ण मराठीत चालतो. दहावीच्या आतल्या मुलांसाठी पालकांपैकी एकाने पहिल्या बैठकीला यावं, बसून खेळलात तर आणखी छान.

येताना एक वही आणा आणि घरून एक प्रश्न ठरवून या: तुमच्या जगात असं काय आहे, जे दोन भल्या माणसांना हवं आहे आणि एकालाच मिळू शकतं? फासे, शिक्के, नाणी आणि कागद आमच्याकडे आहेत.